भीमराव आंबेडकरांचे न्यूयॉर्कमधील पहिले दिवस

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात बावीस वर्षांचा एक मराठी तरुण न्यूयॉर्क बंदरात उतरला. त्याचे नाव होते भीमराव रामजी आंबेडकर. मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी, बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती आणि कोलंबिया विद्यापीठातील प्रवेश एवढी शिदोरी त्याच्यापाशी होती. न्यूयॉर्क त्या काळी झपाट्याने उंच होत होते. ७९२ फूट उंचीची वूलवर्थ इमारत त्याच वर्षी एप्रिलमध्ये खुली झाली होती आणि जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून तिचा लौकिक होता. जमिनीखालून धावणारी रेल्वे सुरू होऊन नऊ वर्षे लोटली होती. मुंबईहून आलेल्या कोणाही विद्यार्थ्याचे डोळे या देखाव्याने दिपून गेले असते. भीमरावांच्या दृष्टीने मात्र या शहराचे खरे नवल त्याच्या रोजच्या साध्या व्यवहारात होते.

हे नवल समजण्यासाठी त्यांच्या मागील आयुष्याकडे पाहावे लागते. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले शिस्तप्रिय गृहस्थ. घरात वाचनाची आणि भजनाची परंपरा होती. परंतु साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना बसण्यासाठी गोणपाटाचा वेगळा तुकडा लागे, आणि तो रोज घरून न्यावा-आणावा लागे. तहान लागली तर शाळेच्या शिपायाने नळ सोडायचा. शिपाई जागेवर नसेल तर तहानलेलेच राहायचे. १९०१ मध्ये वडिलांना भेटण्यासाठी भावंडांबरोबर निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर सौदा ठरला, तोही मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने पायी चालायचे या अटीवर. त्या रात्री त्यांच्याजवळ जेवणाचा डबा होता, पण प्यायला पाणी मिळाले नाही.

मुंबईत आल्यावर परिस्थिती थोडी पालटली, मिटली नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकताना संस्कृत घेण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाने त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे त्यांची सयाजीराव गायकवाड महाराजांशी गाठ घालून दिली. महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या साहाय्यावर भीमराव पदवीधर झाले. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले; पण लगेच वडिलांच्या आजारपणामुळे मुंबईला परतावे लागले. २ फेब्रुवारी रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. मुलाने खूप शिकावे म्हणून अखेरपर्यंत झिजलेल्या पित्याला मुलाचे परदेशगमन पाहता आले नाही.

त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठविण्याचे ठरविले. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळणार होती. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करायची होती. पत्नी रमाबाई मुंबईतच राहिल्या. साडेअकरा पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५६ डॉलर. त्यातूनच काही रक्कम घरी पाठवणे भाग होते. नवा देश, परकी भाषा, तोकडा पैसा आणि मागे राहिलेल्या कुटुंबाची काळजी हे परदेशी शिकणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांचे नेहमीचे ओझे त्यांच्याही खांद्यावर होते.

कोलंबिया विद्यापीठ १८९७ पासून मॅनहॅटनच्या उत्तर भागातील मॉर्निंगसाइड हाइट्स येथे वसलेले होते. भीमराव प्रथम हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही. आठवडाभरातच त्यांनी मुक्काम हलविला आणि ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबात खोली घेतली. तेथे निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी राहत; काही भारतीयही होते. पुढे ते लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहावयास गेले. या वास्तव्यात नवल भाथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे सोबती होते. ही मैत्री जन्मभर टिकली, आणि पुढील शिक्षणाच्या पैशांची चणचण भासली तेव्हा भाथेना मदतीला धावून आले.

वरवर पाहता यात विशेष काही नाही. जेवण न आवडणे, खोली बदलणे, आपल्या देशाची माणसे शोधणे हे प्रत्येक नवख्या विद्यार्थ्याचे पहिले उद्योग असतात. परंतु भीमरावांना आपल्या इच्छेने खोली सोडता येत होती आणि दुसरी मिळत होती, ही गोष्टच त्यांच्यासाठी नवी होती. जेवणाच्या टेबलावर इतरांच्या शेजारी बसताना कोणी जागा बदलत नव्हते. पाण्याचा पेला उचलण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागत नव्हती. नाव विचारल्यानंतर पुढचा प्रश्न जातीचा येत नव्हता. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा तर सोडाच, पाणीही देत नसे. त्या दिवसांना फार काळ लोटला नव्हता.

अमेरिका ही समतेची भूमी होती असा याचा अर्थ नव्हे. गुलामगिरी संपून अर्धशतक झाले होते, तरी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना शाळा, आगगाड्या आणि उपाहारगृहे वेगळी होती. १९१३ मध्येच वुड्रो विल्सन यांच्या प्रशासनाने केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतही वर्णभेदाच्या भिंती उभारण्यास आरंभ केला. विद्यापीठाच्या टेकडीपासून जवळच असलेल्या हार्लेमचा चेहरामोहरा कृष्णवर्णीयांच्या वस्तीने बदलू लागला होता. या प्रश्नाचे आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नाचे नाते भीमरावांच्या विचारात पुढे दृढ झाले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. मात्र विद्यार्थिदशेत विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या वाट्याला जो अनुभव आला, तो बरोबरीचा होता.

या मोकळेपणाचा पहिला परिणाम मोठा मानवी आहे. विद्येचा ध्यास घेतलेला हा विद्यार्थी सुरुवातीचे काही महिने अभ्यासात रमला नाही. मित्रांबरोबर भटकणे, खेळ, नाटके, उशिरापर्यंत रंगणाऱ्या गप्पा यांत दिवस जाऊ लागले. जन्मात प्रथमच मिळालेली बेफिकिरी ते उपभोगत होते. चरित्रग्रंथांतील पुढच्या कर्तृत्वाच्या डोंगराआड हे महिने झाकले जातात. पण विशीतल्या तरुणाचे हे वागणे समजण्याजोगे आहे.

ही अवस्था फार काळ टिकली नाही. आपण कोणाच्या पैशावर येथे आलो, घरची माणसे कोणत्या स्थितीत दिवस काढत आहेत आणि अशी संधी आपल्या समाजातील दुसऱ्या कोणाला केव्हा मिळणार, या विचारांनी त्यांना घेरले. आत्मपरीक्षणातून निश्चय झाला आणि भटकंती थांबली. न्यूयॉर्कमधून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी समाजाच्या उन्नतीसाठी शिक्षणाचा प्रसार हाच मार्ग असल्याचे मांडले आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकविण्याचा आग्रह धरला. आपल्याला लाभलेली मोकळीक एकट्याने उपभोगण्याची वस्तू नाही, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

त्यानंतरचा काळ अखंड परिश्रमाचा होता. घुमटाच्या भव्य लो लायब्ररीत त्यांचे तासन्‌तास जाऊ लागले. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मनचाही अभ्यास केला. एडविन सेलिग्मन यांनी त्यांना सार्वजनिक अर्थकारणाची दिशा दिली. जॉन ड्युई यांच्या व्याख्यानांतून लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून परस्परांशी वागण्याची रीत आहे, हा विचार त्यांच्या मनात रुजला. तो त्यांना पटावा यात आश्चर्य नव्हते; भोजनाच्या टेबलावर आणि वसतिगृहाच्या खोलीत त्यांनी तो अनुभवलाच होता.

त्या सुमारास लाला लजपतराय न्यूयॉर्कला आले होते. भारतीय विद्यार्थ्यांना राजकीय चळवळीत ओढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. भीमरावांनी महाराजांना दिलेला शब्द आणि हाती घेतलेले अध्ययन यांना अग्रक्रम देऊन त्यांचे निमंत्रण नाकारले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि रचना या विषयावर निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करण्याचे बंधन हेच जातिसंस्थेचे मूळ असल्याचे त्यांनी तर्कशुद्धपणे दाखवून दिले. ज्या गोष्टीने बालपणी पाण्याचा घोटही अडविला होता, तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून शांतपणे पाहता यावे इतके अंतर या शहराने त्यांना मिळवून दिले होते.

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्र आणि कायदा या दोन्हींचा अभ्यास सुरू झाला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला गेले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी नंतर लिहिलेल्या आणि १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात नमूद केले आहे. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ती जाणीव परत आली. जायचे कोठे, हा प्रश्न पुढे उभा राहिला.

हिंदू खानावळीत प्रवेश मिळणे शक्य नव्हते. म्हणून एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला दहा-बारा जणांचा संतप्त जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेला. न्यूयॉर्कमध्ये ज्यांच्या सहवासात दिवस काढले ते भाथेना पारशीच होते. माणसे तीच, पण समाजाची रीत दुसरी होती. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचणी सांगितल्या. उरलेला वेळ कामाठी बागेत काढून कोलंबियाचे हे पदवीधर रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

जुलै १९१३ मध्ये हजारो मैल दूरच्या अनोळखी शहरात ज्यांना आठवडाभरात दोन ठिकाणी राहावयास जागा मिळाली, त्यांना सप्टेंबर १९१७ मध्ये स्वतःच्या देशात, ज्या संस्थानाने त्यांना शिकविले त्याच्याच राजधानीत, एक खोली मिळाली नाही. या दोन अनुभवांमधील अंतर त्यांच्या पुढील सार्वजनिक जीवनाच्या मुळाशी आहे. बालपणीच्या अपमानांनी दुःख दिले होते. पण हे सारे असेच चालायचे, असे वाटण्याला तोवर वाव होता. न्यूयॉर्कच्या वास्तव्यानंतर तसे वाटणे अशक्य झाले. माणसाने माणसाशेजारी जेवावे, एकाच नळाचे पाणी प्यावे आणि कोणी काही विचारू नये, हे रोजच्या जगण्यात घडू शकते, याचा पुरावा त्यांच्यापाशी होता.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेताना त्यांनी सार्वजनिक पाण्यावरील जो हक्क बजावला, तो कोलंबियाच्या वसतिगृहात मागावाही लागला नव्हता. योगायोग असा, की कोलंबियाची पीएच.डी. पदवी त्यांना रीतसर मिळाली तीही त्याच वर्षी.

५ जून १९५२ रोजी कोलंबियाने राज्यघटनेच्या या शिल्पकाराला सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. त्यासाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. जॉन ड्युई यांच्या भेटीची त्यांना ओढ होती. परंतु १ जून रोजी ड्युई यांचे निधन झाले आणि ती भेट राहून गेली. एकोणचाळीस वर्षांपूर्वी याच शहरात ते कोणालाही ठाऊक नसलेला विद्यार्थी म्हणून उतरले होते. त्या अनोळखीपणातच त्यांना माणूस म्हणून वागणूक मिळाली होती, आणि तशी ती मायदेशातील प्रत्येकाला मिळावी यासाठी त्यांनी मधली सारी वर्षे वेचली होती.