सावळेपणाला पडद्यावर मान मिळवून देणारी स्मिता पाटील

नांदेड जिल्ह्यातील मुखेडच्या दशरथेश्वर मंदिरावर चालुक्यकालीन सुरसुंदरींची शिल्पे आहेत. काळ्या पाषाणातील या स्त्रियांचे सौंदर्य बांध्यात, मुद्रेत आणि डौलात आहे. गोरेपणाचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही. मराठी मनाने विठ्ठलालाही सावळा म्हणूनच जवळ केले. मात्र सून शोधताना याच समाजाने गोऱ्या रंगाची अट घातली. या विसंगतीला पडद्यावर छेद दिला तो स्मिता पाटील हिने.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव मूळचे शिरपूरचे, राजकारणातील. आई विद्याताई समाजकार्यात रमलेल्या. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेली ही मुलगी पुढे मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊ लागली. त्या कृष्णधवल पडद्यावर तिचे बोलके डोळे श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरले आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’मधून तिचे पदार्पण झाले. त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचे आश्वासन देणारे मलम भारतीय बाजारात आले, हा योगायोग बोलका आहे.

गोरेपणाच्या ओढीमागे जातीचा व वसाहतकाळाचा वारसा आहे, तसा श्रमाचाही. उन्हात राबणाऱ्याची कातडी रापते. सावलीत बसणाऱ्याची उजळ राहते. म्हणून आपल्याकडे गोरेपणा ऐपतीची खूण ठरला. युरोपात विसाव्या शतकात उलटे घडले. कारखान्यांत व कचेऱ्यांत दिवस काढणाऱ्या समाजात समुद्रकिनारी रापलेली त्वचा सुटीची आणि चैनीची निशाणी बनली. रंग तोच, अर्थ मात्र समाजागणिक बदलला.

स्मिताने राबणाऱ्या स्त्रीचा रंग लपवला नाही. ‘मंथन’मधील गुजरातच्या खेड्यातील बिंदू, ‘जैत रे जैत’मधील ठाकर समाजातील चिंधी, ‘चक्र’मधील झोपडपट्टीतील अम्मा या भूमिकांत तो रंग व्यक्तिरेखेचाच भाग झाला. तरीही एक प्रश्न उरतोच. सावळी नायिका केवळ कष्टकरी स्त्री म्हणूनच स्वीकारली जात होती काय? त्याचे उत्तर १९७७ च्या ‘भूमिका’ने दिले. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर बेतलेल्या या चित्रपटात स्मिता चक्क रुपेरी पडद्यावरील तारका झाली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘चक्र’साठी तो पुन्हा लाभला. १९८२ मध्ये ‘उंबरठा’मधील सुलभा महाजन साकारणारी ही अभिनेत्री त्याच वर्षी ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ या व्यावसायिक चित्रपटांतही नायिका म्हणून झळकली.

१९८५ मध्ये ‘पद्मश्री’ने तिचा गौरव झाला. पुत्रजन्मानंतर अवघ्या काही दिवसांत, १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. ‘मिर्च मसाला’तील तिची करारी सोनबाई प्रेक्षकांनी त्यानंतर पाहिली.

२०२० मध्ये त्या मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द गळाला. मात्र विवाहविषयक जाहिरातींतील गोऱ्या वधूची अपेक्षा अद्याप पुसली गेलेली नाही. अवघ्या दशकभराच्या कारकिर्दीत स्मिताने पडद्यावर जे साध्य केले, ते घराच्या उंबरठ्याआत यावयाचे अजून बाकी आहे.