बाप दारूने गेला, लेकाने गावोगावची दारू सोडवली : संत गाडगेबाबांची जीवनकथा

द्रोणागिरी (ता. उरण) : आपल्याकडे हळद म्हटली की बोकड आणि बाटली आलीच. एखाद्याने बिनदारूची हळद करायची म्हटली तर भावकी नाकं मुरडते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका गरीब शेतकऱ्याने हे करून दाखवलं. भावकी रुसली तरी तो मागे हटला नाही. तो माणूस म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, आपले गाडगेबाबा. २० डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती, जात परीट. बाप झिंगराजी मूळचा वाईट नव्हता. घरचं दैवत खंडोबा. देवाला बोकड कापायचा, दारूचा नैवेद्य दाखवायचा आणि प्रसाद म्हणून प्यायची, अशी रीत होती. प्रसादाची दारू हळूहळू रोजची झाली. शेत गेलं, घर गेलं, शेवटी जीव गेला. तेव्हा डेबू जेमतेम आठ वर्षांचा. मरताना बापाला पस्तावा झाला, पोराला यापासून लांब ठेव असं तो बायकोला सांगून गेला, असं बाबांच्या चरित्रांत येतं.

आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी गेली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला. डेबूने तिथे मामाची गुरं राखली, नांगर धरला. सावकाराने मामाची जमीन गिळली तेव्हा त्याच्याशी भांडायला हाच उभा राहिला. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला दारू-मटणाचं जेवण घालायची जातीची रीत होती. डेबूजीने गोडाधोडाची पंगत घातली. बाप ज्याने गेला ते पोरीच्या बारशाला वाढायचं नाही, एवढा साधा हिशोब.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटकं गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री त्याच लोकांपुढे कीर्तन करायचं. कीर्तनात बाबा लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तरं काढायचे. कर्ज किती, दारूत किती गेलं, पोरगं शाळेत का नाही. माणूस चारचौघांत स्वतःच्या तोंडाने कबूल व्हायचा. वर देवाचं नाव आणि शेजारी सगळं गाव. असं ऐकून दारू सोडणारे गावोगाव निघाले.

लांब अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी मिळून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू केलं. त्यांचीही रीत अशीच. एकमेकांपुढे खरं बोलायचं आणि आपल्याहून मोठ्या शक्तीवर भरवसा टाकायचा. बाबांचं कीर्तन त्याच्या तीस वर्षं आधीपासून चालू होतं.

दुःखापायी पितो, असं आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात. १९२३ साली बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची खबर तिथेच आली. बाबांनी कीर्तन सोडलं नाही. दुःख त्यांनाही होतंच, पण ते टाकायला त्यांच्याकडे जागा होती : समोरची माणसं आणि देवाचं नाव.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. बाबांनी अंगारा-धुपारा कधी दिला नाही. नवसाला बोकड कापू नका, आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या, असंच ते सांगत. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली. पाया पडू देत नसत, गुरू म्हणवून घेत नसत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीपाशी ते गेले. स्वतःच्या नावावर काही ठेवलं नाही.

आपल्या उरणात जमिनी गेल्या, मोबदला आला. त्यातला किती बाटलीत गेला हे घराघराला ठाऊक आहे. दुसरीकडे बैठकीला जाऊन, माळ घालून दारू सुटलेली माणसंही आपल्याच गावांत आहेत. बाबांच्या आयुष्यातून मला उमगतं ते असं की देवाच्या नावानेच दारू घरात येते आणि देवाच्या नावानेच बाहेरही जाते. कुठला देव मानतो यापेक्षा त्याच्यासमोर आपण काय ठेवतो, यावर सगळं आहे.

फक्त एवढं करा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, कधी जिवावरही बेततं. म्हणून माळ घाला, पण आधी डॉक्टरला दाखवा. बाबांनीही हेच सांगितलं असतं.

आणि पुढची हळद तुमच्या घरी असेल तर डेबूजीची ती गोड पंगत आठवा.