फादर थॉमस स्टीफन्स

धर्म शिकविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नानें सोळाव्या शतकांत इंग्लंड दुभंगलें होतें. १५३४ च्या कायद्यानें राजा तेथील चर्चचा प्रमुख ठरला. कॅथलिक मतानें मात्र हा अधिकार ख्रिस्तानें पेत्रास व इतर प्रेषितांस दिला आणि पोप व बिशप यांच्या परंपरेनें तो चालत आला. राजाज्ञेनें तो मिळत नाहीं.

अशा काळीं, सुमारें १५४९ सालीं, विल्टशायर परगण्यांत थॉमस स्टीफन्स जन्मले. रोमला जाऊन १५७५ सालीं ते येशूसंघांत शिरले व १५७९ सालीं गोव्यास आले. पुढील चाळीस वर्षें बहुतेक साष्टी प्रांतांत गेलीं.

तेथें पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं; लोक संतप्त होते. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच येशूसंघीय मारले गेले. भयानें मान लवते, मन लवत नाहीं. स्टीफन्स यांनीं मराठी व कोंकणी आत्मसात केली आणि पुराणांच्या धर्तीवर सुमारें अकरा हजार ओंव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. परंतु विद्वत्तेच्या बळावर त्यांनीं तें परस्पर छापलें नाहीं. इन्क्विझिशन व आर्चबिशप यांची परवानगी मिळाल्यावरच १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत तें छापलें गेलें.

१६१९ सालीं गोव्यांत ते निवर्तले. विद्यार्थ्यांनो, त्यांनीं अधिकार वडिलांकडून नम्रपणें घेतला. पण तो सार्थ केला शिकणाऱ्यांची भाषा स्वतः शिकून. गुरु होण्यापूर्वीं ते आपल्या श्रोत्यांचे शिष्य झाले, हेंच त्यांचें थोरपण.