फाशीच्या कोठडीतून आलेलं पत्र

नागपूरहून एस.टी.ने वर्ध्याला निघालं की वर्धा यायच्या थोडं आधी धाम नदीचा पूल लागतो. ते पवनार. तिथला आश्रम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी खिडकीतूनच पाहिलेला असतो. विनोबा म्हटलं की शाळेतलं भूदान आठवतं, दोन मार्कांच्या प्रश्नापुरतं. फाशीच्या एका कैद्याने त्यांना लिहिलेल्या पत्राची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

विनायक नरहरी भावे. जन्म 11 सप्टेंबर 1895, कोकणातल्या गागोदे गावी. शिक्षण बडोद्याला, गणितात एकदम हुशार. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, ते सुरतेलाच गाडीतून उतरले आणि काशीला गेले. सर्टिफिकिटं आधीच चुलीत घातली होती. (एटीकेटीवाल्यांनी हा प्रयोग करू नये!)

जेलशी त्यांची ओळख आपल्या नागपुरातच झाली. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात त्यांना पकडलं ते कलम 109 खाली, म्हणजे पोटापाण्याचं साधन नसलेल्या भटक्यांसाठीच्या कलमाखाली. काम दगड फोडण्याचं. मग अकोल्याचा तुरुंग. 1932 ला धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तेव्हा गजाआडचं जग त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

आता ते पत्र. 1959 साली विनोबा काश्मीरमध्ये पदयात्रा करत होते. चंबळच्या खोऱ्यातला नामांकित दरोडेखोर मानसिंग 1955 मध्ये चकमकीत मारला गेला होता. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग अलाहाबादजवळच्या नैनी जेलमध्ये फाशीची वाट बघत होता. मरण्याआधी तुमचं दर्शन व्हावं, असं त्याने विनोबांना कळवलं. यात्रा सोडून जाणं शक्य नव्हतं. तेव्हा सोबत असलेल्या मेजर जनरल यदुनाथसिंगांना त्यांनी नैनीला पाठवलं. कैद्याचं म्हणणं असं की, बाबांनी एकदा खोऱ्यात जाऊन माझ्या साथीदारांना भेटावं.

मे 1960 मध्ये विनोबा खरंच भिंड-मुरैनात पायी पोचले. सोबत बंदोबस्ताची फौज नाही. तिकडचे दरोडेखोर स्वतःला डाकू म्हणवत नाहीत, बागी म्हणवतात. विनोबांनी हा शब्द हसण्यावारी नेला नाही. जमिनीचा तंटा, कुळाचा अपमान, त्यातून एक खून, मग दऱ्यांत पळून जाणं. एकदा गेलेल्याला परतीची वाटच नाही. पुढे गोळी, मागे फाशी. सुटकेचा मार्ग बंद झालेला माणूस आणखी क्रूर होत जातो. (सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला बॉयलर, असं आपण मेकॅनिकलवाले म्हणू.) विनोबांनी वाट दाखवली, पण ती जेलमधून जाणारी. माफीचं आश्वासन त्यांनी कुणालाच दिलं नाही. खटले चालतील, शिक्षा भोगावी लागेल, हे स्पष्ट सांगितलं. तरीही लुक्का ऊर्फ लोकमन दीक्षितसह वीस जणांनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली, त्यात दुर्बीण लावलेल्या रायफलीही होत्या.

सगळे खूश झाले असं नाही. मध्यप्रदेशचे तेव्हाचे पोलीसप्रमुख के. एफ. रुस्तमजी, जन्माने आपल्या कामठीचे, यांनी उघड टीका केली. जीव धोक्यात घालून टोळ्यांशी लढणाऱ्या पोलिसांचं मनोबल यामुळे खचतं, असं त्यांचं मत होतं. मला ते खोटं वाटत नाही. ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घराला खुन्याच्या गळ्यातले हार बघून काय वाटलं असेल? विनोबांच्या मोहिमेत याचं पुरेसं उत्तर सापडत नाही. शरण आलेल्यांच्या खटल्यांसाठी आणि पुनर्वसनासाठी चंबळ घाटी शांती समिती उभी राहिली, पण तीही पुष्कळदा सरकारी अनास्थेशीच झगडत राहिली.

तहसीलदारसिंगची फाशी पुढे रद्द होऊन जन्मठेप झाली. 1971 मध्ये माधोसिंग या दरोडेखोराचा निरोप पवनारला आला. विनोबांनी तेव्हा क्षेत्रसंन्यास घेतला होता, आश्रम सोडत नव्हते. त्यांनी जयप्रकाश नारायणांकडे बोट दाखवलं. माधोसिंग रामसिंग ठेकेदार या नावाने थेट पाटण्याला जयप्रकाशजींच्या घरी पोचला! एप्रिल 1972 मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौराला मोठं समर्पण झालं, त्या वर्षात शेकडो जण शरण आले. त्याआधी दऱ्याखोऱ्यांत जाऊन टोळ्यांना समजावणाऱ्यांमध्ये दोन जुने बागी होते, लोकमन दीक्षित आणि नैनीहून पत्र लिहिणारा तहसीलदारसिंग.

विनोबा 15 नोव्हेंबर 1982 ला पवनारलाच गेले. अन्न आणि औषध त्यांनी आधीच सोडलं होतं.