गिरमिटाचा अंत आणि गोपाळ कृष्ण गोखले

मॉरिशस बेटावरील गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने संपुष्टात आली. त्या देशात हा दिवस आजही सार्वजनिक सुटीचा दिवस म्हणून पाळला जातो. त्याच देशात २ नोव्हेंबर हाही स्मरणाचा दिवस आहे. कारण १८३४ मध्ये त्या दिवशी ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज ३६ भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुईला पोहोचले. मुक्तीच्या अगोदर तीन महिने पर्यायी मजूर बंदरात उतरले होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली, मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही, आणि उसाचे मळे ओसाड पडू नयेत म्हणून पाच वर्षांच्या कराराची नवी पद्धत उभी राहिली. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले आणि त्याने बांधलेला माणूस गिरमिटिया ठरला. गुलामगिरीच्या अंताचे स्मरण या दुसऱ्या बंधनाच्या अंताशिवाय पुरे होत नाही. आणि त्या अंताच्या इतिहासात गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्थान अग्रभागी आहे.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांपैकी पुष्कळजण याच कोकणपट्टीतील होते. वडील कागल संस्थानात नोकरीस होते. ते निवर्तले तेव्हा गोपाळचे वय तेरा वर्षांचे होते. थोरल्या बंधूंनी स्वतःचे शिक्षण सोडून तुटपुंज्या पगाराची नोकरी धरली आणि धाकट्याच्या शिक्षणाचा भार उचलला. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर गोखले पुण्यास आले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दाखल झाले. वीस वर्षे अल्प वेतनावर अध्यापन करण्याचे व्रत त्यांनी स्वीकारले व पाळले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित, इंग्रजी व इतिहास शिकविला. अंकगणिताचे एक पाठ्यपुस्तकही लिहिले.

न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना आकडा हा पुरावा असतो आणि पुराव्यावाचून केलेले विधान हे दायित्व असते, असा संस्कार त्यांच्या मनावर झाला. १८९७ मध्ये त्याची कठोर परीक्षा झाली. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले असता, पुण्यातील प्लेग-बंदोबस्तावरील सैनिकांविषयी पत्रांतून कळलेले गंभीर आरोप त्यांनी तेथे प्रसिद्ध केले. परतल्यावर ते आरोप सिद्ध करता येईनात. माहिती देणाऱ्यांची नावे न सांगता त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल त्यांना स्वजनांची निर्भर्त्सना सोसावी लागली. पुढील सार्वजनिक जीवनात त्यांच्या भाषणांत जी सावध काटेकोरता आढळते, तिचे एक मूळ या प्रसंगात असावे.

१९०२ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९०५ च्या जूनमध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बनारस येथे काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. गांधींशी त्यांचा परिचय १८९६ पासूनचा होता. नाताळमधील भारतीयांच्या हालअपेष्टांची माहिती त्यांना तेथूनच मिळत असे. मद्रासहून निघालेले पहिले जहाज १८६० च्या नोव्हेंबरात नाताळला पोहोचले होते. करार संपवून तेथेच राहू इच्छिणाऱ्या मजुरावर १८९५ च्या कायद्याने दरसाल तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. परत जा, पुन्हा करारात शिरा, किंवा कर भरा, असे तीनच मार्ग त्याच्यापुढे उरले.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखले यांनी नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला. नाताळच्या मळ्यांना व खाणींना भारतीय हात हवे होते, पण भारतीय नागरिक नको होते. हीच विसंगती त्यांनी पकडली. सरकारने ठराव मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. मात्र त्याच वर्षी, १९१० मध्ये, सँडरसन समितीने इतर वसाहतींसाठी ही पद्धत चालू ठेवण्याचा कौल दिला होता.

म्हणून ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी दुसरा व अधिक व्यापक ठराव आणला: करारबद्ध मजुरीची पद्धत सर्वच वसाहतींसाठी बंद व्हावी. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा कराराच्या स्वरूपात होता. एका बाजूस निरक्षर, कोठे जात आहोत हेही न जाणणारा मजूर आणि दुसऱ्या बाजूस सरकारी पाठबळ असलेला मळेवाला, यांच्यातील कराराला मुक्त संमती म्हणता येत नाही. आणि काम चुकल्यास दिवाणी दाव्याऐवजी फौजदारी शिक्षा होत असेल, तर ते बंधन गुलामगिरीच्याच जातीचे ठरते. दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठविण्याच्या नियमाने होणारी कुटुंबजीवनाची हानी, मळ्यांवरील आत्महत्या आणि राष्ट्राच्या स्वाभिमानाला लागणारा डाग, हे मुद्देही त्यांनी मांडले. सरकारी बहुमताने ठराव फेटाळला. त्याच महिन्यात त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयकही पडले. निरक्षरता आणि गिरमिट यांचा संबंध ध्यानात घेतला म्हणजे हे दोन पराभव एकाच प्रश्नाच्या दोन बाजू होत्या, हे दिसून येते.

मधुमेहाने प्रकृती खालावलेली असतानाही १९१२ च्या ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेस गेले. प्रिटोरिया येथे बोथा व स्मट्स यांची भेट घेऊन तीन पौंडांचा कर रद्द होईल, असा विश्वास घेऊन ते परतले. तेथील सरकारने पुढे असे वचन दिल्याचे नाकारले, आणि इकडे मुंबईत त्यांनी फार सवलती दिल्याची टीका झाली. शब्दावर विसंबण्याची त्यांची रीत येथे उणी पडली, हे मान्य करावे लागते; परंतु त्या वचनभंगामुळेच १९१३ मध्ये नाताळचे गिरमिटिया संपावर उतरले, आणि त्यांच्यासाठी भारतभर निधी उभा करण्याचे काम गोखले यांनीच आजारपणात केले. १९१४ च्या कायद्याने तो कर रद्द झाला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा फिजी व वेस्ट इंडीजकडे जाणारी भरती अद्याप बंद झाली नव्हती. १९१६ च्या मार्चमध्ये मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा कायदेमंडळापुढे आणला आणि सरकारने तत्त्वतः मान्यता दिली. १९१७ च्या मार्चमध्ये भरती थांबविण्यात आली; १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. मॉरिशसच्या मुक्तिदिनाला तेव्हा पंचाऐंशी वर्षे होत आली होती.

बंगळूरमध्ये गोखले यांची स्मृती विशेष रीतीने जपली गेली. त्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, ८ मे १९१५ रोजी, गांधींच्या हस्ते या शहरात त्यांच्या तसबिरीचे अनावरण झाले. त्या समारंभामागे डी. व्ही. गुंडप्पा यांचा पुढाकार होता. गुंडप्पांनी गोखले यांचे चरित्र कन्नडमध्ये लिहिले आणि १९४५ मध्ये येथे गोखले सार्वजनिक व्यवहार संस्था स्थापन केली. कोकणात जन्मलेल्या व पुण्यात घडलेल्या या पुरुषाचे चरित्र अशा रीतीने कन्नड विचारविश्वाचाही भाग झाले.

पोर्ट लुईतील ज्या धक्क्यावर मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. पळालेल्या गुलामांचा आश्रय असलेला ल मोर्न डोंगर २००८ मध्ये आला. दोन बंधनांची ही दोन स्मारके एकाच बेटावर आहेत. त्यांपैकी दुसरे बंधन तुटण्यास जी माणसे कारण झाली, त्यांत पराभूत ठरावाचा हा कर्ता होता, याची नोंद भारतीय भाषांतील चरित्रवाङ्मयात अधिक ठळकपणे होणे अगत्याचे आहे.