मारिया गोपर्ट मायर

मारिया गोपर्ट मायर (२८ जून १९०६ – २० फेब्रुवारी १९७२) या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होत्या. अणुकेंद्रकाच्या कवच-रचनेच्या सिद्धांतासाठी त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्यांचा जन्म तत्कालीन जर्मनीतील काटोविट्स (आता पोलंडमध्ये) येथे झाला. ग्यॉटिंगेन विद्यापीठात माक्स बॉर्न यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ जोसेफ मायर यांच्याशी विवाह करून त्या अमेरिकेत गेल्या. पतीला विद्यापीठांत प्राध्यापकी मिळत गेली. त्यांना मात्र बहुतेक ठिकाणी नाममात्र मानधनावर किंवा विनावेतन काम करावे लागले.

१९३५ मध्ये त्यांनी दुहेरी बीटा क्षयाचे गणित मांडले. यात केंद्रकातील दोन न्यूट्रॉनांचे एकाच वेळी प्रोटॉनांत रूपांतर होते. निओडिमियम-१५० हे न्यूट्रॉनसमृद्ध विरल मृत्तिका केंद्रक अशाच रीतीने क्षय पावते. पण ही क्रिया इतकी मंद आहे की प्रयोगशाळेत तिचे प्रत्यक्ष निरीक्षण (सेलेनियम-८२ मध्ये) व्हायला १९८७ साल उजाडले.

१९४६ मध्ये त्या शिकागो विद्यापीठात विनावेतन सहयोगी प्राध्यापक झाल्या; अरगॉन प्रयोगशाळेतील अर्धवेळ पद तेवढे सवेतन होते. तेथे एडवर्ड टेलर यांच्याबरोबर मूलद्रव्यांच्या उत्पत्तीचा विचार करताना, काही ठरावीक संख्येचे प्रोटॉन वा न्यूट्रॉन असलेली केंद्रके विशेष स्थिर असतात, याकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. ५०, ८२ व १२६ या त्यांतील काही 'जादुई संख्या' होत. लॅन्थॅनम, सेरियम, प्रासिओडिमियम, निओडिमियम व समेरियम या पाच विरल मृत्तिका मूलद्रव्यांत ८२ न्यूट्रॉनांचे स्थिर समस्थानिक आढळतात, हा योगायोग नव्हता. पण कारण सापडत नव्हते. एन्रिको फर्मी यांनी सहज विचारलेल्या एका प्रश्नावरून त्यांना परिवलन-कक्षा युग्मनाची कल्पना सुचली आणि सर्व संख्यांचा उलगडा झाला (१९४९). जर्मनीत हान्स येन्झेन व सहकारी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. स्पर्धा न मानता मायर यांनी येन्झेन यांच्यासह १९५५ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला.

सुमारे ९० आणि त्याहून अधिक न्यूट्रॉन असलेली विरल मृत्तिका केंद्रके गोल नसून लांबट असतात. त्यांना मूळ कवच सिद्धांत पुरेसा पडत नाही. स्वेन निल्सन यांनी १९५५ मध्ये तो लांबट केंद्रकांसाठी विस्तारला.

पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद त्यांना १९६० मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत मिळाले. तेथे पोहोचताच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरीही त्यांनी अध्यापन व संशोधन चालूच ठेवले. सॅन डिएगो येथेच त्यांचे निधन झाले.