तिकिटांवरून वाजलं आणि शेषराव वानखेडेंनी १३ महिन्यांत स्टेडियम उभं केलं

आयपीएलचा सीझन आला की सिन्नरसारख्या गावातनंही पोरांची एखादी गाडी मुंबईला निघते. घोटी, कसारा घाट करत दोनशे किलोमीटरच्या आतबाहेरचा प्रवास. चर्चगेटला उतरलं की गेटसमोर पहिला सेल्फी, लोकेशनला वानखेडे स्टेडियम.

पण हे वानखेडे कोण, असं विचारलं तर गाडीतले निम्मे गप्प बसतात. कुणी म्हणतं जुने बॅट्समन असतील, कुणी म्हणतं जमीन त्यांची असेल.

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. वानखेडे राजकारणी होते, मुंबईचे नव्हे तर नागपूरचे. आणि ते स्टेडियम उभं राहिलं ते याच पोरांच्या हातातल्या वस्तूवरून, म्हणजे तिकिटावरून.

नागपूरचे महापौर ते मुंबई क्रिकेटचे अध्यक्ष

शेषराव कृष्णराव वानखेडे यांचा जन्म २४ सप्टेंबर १९१४ चा. शिक्षणाने बॅरिस्टर, पक्ष काँग्रेस. नागपूर महापालिका झाली तेव्हा शहराचे पहिले महापौर तेच. पुढे महाराष्ट्र राज्य झालं आणि साठच्या दशकात राज्याच्या अर्थखात्याचा कारभार त्यांच्याकडे आला. १९७२ साली ते विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९७७ पर्यंत त्या खुर्चीत राहिले.

मंत्रालयाच्या या धावपळीत त्यांच्याकडे आणखी एक खुर्ची आली होती. ती होती बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या, म्हणजे बीसीएच्या अध्यक्षपदाची. आजची मुंबई क्रिकेट असोसिएशन ती हीच.

तेव्हा मुंबईच्या क्रिकेटचा रुबाब काय होता, तर १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक याच संघाने उचलला. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये भारताने मालिका जिंकल्या तेव्हा कॅप्टन मुंबईचा अजित वाडेकर होता.

आणि एवढ्या दादा संघटनेकडे कसोटी भरवायला स्वतःचं स्टेडियम नव्हतं.

भाडेकरू आणि घरमालक

मुंबईत कसोटी व्हायची ती ब्रेबॉर्नवर. हे स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे सीसीआयचं. १९३३ साली स्थापन झालेल्या या क्लबने समुद्र हटवून मिळालेल्या जमिनीवर स्टेडियम बांधलं आणि १९३७ मध्ये ते खुलं झालं.

आता इथे गणित समजून घ्यायला हवं. सामना भरवण्याचा मान बीसीएचा, पण खुर्च्या सीसीआयच्या. त्यामुळे कुणाला किती तिकिटं, यावरून प्रत्येक कसोटीआधी दोघांत वाजायचं.

आज हे भांडण किरकोळ वाटेल, पण तेव्हा क्रिकेटमध्ये पैसा येण्याची मुख्य वाट म्हणजे गेट. टीव्हीचे हक्क विकून बोर्डाने कमाई सुरू केली ती नव्वदच्या दशकात. सत्तरच्या दशकात तिकीट विकलं तरच पैसा. त्याच तिकिटांवर संघटनेला आपले क्लबही सांभाळावे लागत. शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान इथले छोटे क्लब वर्षभर खेळाडू घडवायचे आणि कसोटी आली की त्यांनाच तिकिटासाठी हात पसरावे लागायचे.

सीसीआयचीही बाजू होती. स्टेडियम क्लबने बांधलेलं, ते सांभाळायचा खर्च क्लबचा, मग सभासदांच्या जागा सोडून बाहेरच्यांना किती द्यायच्या, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. थोडक्यात घरमालक आपल्या जागी बरोबर होता आणि भाडेकरूही.

एका सामन्यावरून ठिणगी पडली

मुंबईच्या क्रिकेटमध्ये सांगितली जाणारी हकिकत अशी. १९७३ च्या सुमारास काही तरुण आमदार विधानसभा अध्यक्ष वानखेडेंकडे आले. त्यांना मदतनिधीसाठी एक क्रिकेट सामना भरवायचा होता आणि मैदान हवं होतं ब्रेबॉर्न. वानखेडे त्यांना घेऊन विजय मर्चंट यांच्याकडे गेले. मर्चंट म्हणजे भारताचे एकेकाळचे महान बॅट्समन आणि तेव्हा सीसीआयचे कारभारी. त्यांनी नकार दिला. बोलण्यात वानखेडे म्हणाले की असं असेल तर आम्हाला आमचं स्टेडियम बांधावं लागेल. हे काही होणार नाही, अशा थाटात ती गोष्ट उडवून लावण्यात आली म्हणतात.

वानखेडे तिथून उठले ते मनाशी ठरवूनच. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, तेही विदर्भातलेच. चर्चगेट स्टेशनला लागून, मरीन ड्राईव्हच्या अलीकडे जागा पक्की झाली. ब्रेबॉर्नपासून दहा-पंधरा मिनिटं चालत जावं एवढ्याच अंतरावर.

काम सोपवलं शशी प्रभू नावाच्या तरुण आर्किटेक्टकडे. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला इमारती आणि मधल्या अरुंद जागेत ४० हजारांच्या वर माणूस बसवायचा होता. मुदतही कडक होती, कारण वेस्ट इंडीजचा संघ येणार होता आणि मुंबईची कसोटी नव्या स्टेडियमवरच घ्यायची होती.

साधारण १३ महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं.

पहिल्याच कसोटीत राडा

२३ जानेवारी १९७५ ला पहिली कसोटी सुरू झाली. मालिका २-२ अशी बरोबरीत, त्यामुळे गर्दी तुडुंब. क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा ठोकल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक प्रेक्षक अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला चोपलं आणि स्टँड पेटून उठले. तोडफोड झाली, खेळ थांबला. एकनाथ सोलकरने शतक काढलं तरी भारत २०१ धावांनी हरला. मन्सूर अली खान पतौडी यांची ही शेवटची कसोटी.

मॅच गेली, पण वानखेडेंचा डाव जमला होता. मुंबईची कसोटी ब्रेबॉर्नवरून हलली ती हललीच. ब्रेबॉर्नला पुढची कसोटी मिळाली थेट डिसेंबर २००९ मध्ये.

यात गमावलंही बरंच. ब्रेबॉर्नसारखं देखणं स्टेडियम कसोटीविना पडून राहिलं आणि एकाच भागात दोन मोठी स्टेडियम झाली. हट्टाला एवढी किंमत मोजावी का, यावर मुंबईत पुढे कितीतरी वर्षं वाद होत राहिला.

वानखेडे १९८० ते १९८२ या काळात बीसीसीआयचे अध्यक्ष झाले. १९८७ च्या वर्ल्ड कपमध्ये भारत-इंग्लंड सेमीफायनल त्यांच्याच नावाच्या स्टेडियमवर झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९८८ ला ते गेले. २० वर्षांनी इथे आयपीएल येणार होती, याची तेव्हा कुणाला कल्पनाही नव्हती.

आज पैसा कुणाचा?

२००८ मध्ये आयपीएल आली आणि मुंबईची टीम ११ कोटी १९ लाख डॉलरला विकली गेली, त्या लिलावातली सगळ्यात महाग. मजा म्हणजे एवढा पैसा टाकणाऱ्या मालकाकडेही स्वतःचं स्टेडियम नाही. लीग बीसीसीआयची, टीम फ्रँचायझीची आणि मैदान राज्य संघटनेचं. घरच्या सामन्याच्या तिकिटांचा पैसा फ्रँचायझीला जातो आणि ती मैदानापोटी संघटनेला प्रत्येक सामन्यामागे ठरलेली रक्कम देते. २०२० मध्ये ही रक्कम ५० लाख रुपये ठरली आणि तेवढेच बीसीसीआयने घालायचे असं ठरलं.

म्हणजे १९७३ मध्ये भाडेकरू असलेली संघटना आज घरमालक आहे.

मधल्या काळात गेटचं वजन मात्र उतरलं. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. या पैशापुढे तिकीटबारी लहान दिसते.

पण स्वतःच्या मैदानाचा धडा इतरांनीही गिरवला. सिन्नरचा पोरगा चांगला खेळला तर तो नाशिकमार्गे जातो महाराष्ट्राच्या संघटनेकडे, मुंबईच्या नाही. त्या संघटनेचे सामने पूर्वी पुणे महापालिकेच्या नेहरू स्टेडियमवर व्हायचे. तिनेही गहुंजेला स्वतःचं स्टेडियम बांधलं. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली आणि नाशिकची टीम उतरली, ती याच गहुंजेच्या मैदानावर.

आणि सामान्य प्रेक्षक?

२ एप्रिल २०११ ला वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल झाली. नूतनीकरणानंतर क्षमता उरली होती सुमारे ३३ हजार. त्यातली सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली जेमतेम ४ हजार तिकिटं. बाकीची संलग्न क्लब, आयसीसी आणि इतर कोट्यांत गेली.

ज्या छोट्या क्लबांना १९७३ मध्ये तिकिटासाठी हात पसरावे लागत होते, त्यांचा हक्क शेषराव वानखेडेंनी कायमचा पक्का करून दिला. कोट्याच्या बाहेरचा माणूस मात्र तेव्हाही रांगेत होता आणि आजही मोबाईलवर तिकीट बुकिंग उघडायची वाट बघत बसतो.